छपऱ्याचा देवर, सर्बियाचा देवर

माझ्या धाकट्या मुलाने कुणाची मुलगी विकत घ्यायचं कधी मनातही आणलं नव्हतं. तरी एका दुपारी, आमच्या म्हैसूरच्या घरात, भरल्या पानावर त्याच्यावर तो आळ आला. आळ मीच आणला.

मी भाषांच्या एका संस्थेत नोकरीला होतो. कुणी विचारलं तर एवढंच सांगतो. (खोदून विचारलं तर भांडारात होतो, हेही सांगतो.) कागद, शाई आणि पंखे देता देता विद्वानांचं बोलणं कानावर पडत गेलं. निवृत्त झाल्यावर माझी खात्री पटली की मीही भाषाशास्त्रज्ञच होतो, फक्त पगार कमी मिळाला.

थोरल्या गिरीशने बंगळूरला ऑफिसातलीच एक मुलगी पसंत केली. निशा, बिहारमधल्या छपऱ्याची, घरी भोजपुरी बोलणारी. दोघं मिळून तिच्या आईवडिलांना घर बघायला, म्हणजे आम्हाला बघायला, घेऊन येणार असं ठरलं. त्याच सुमारास आमच्या वरच्या खोलीत येलेना राहत होती. सर्बियाची, योग शिकायला आलेली. सकाळी पाय मानेमागे नेऊन झाले की ती खाली कॉफीला यायची आणि मी तिला एकेक शब्द विचारायचो. मग तोच शब्द फोनवर निशाला विचारायचो. सर्बियनमध्ये दोन म्हणजे 'द्वा', भोजपुरीत 'दू'. 'बाबा' मात्र भोजपुरीत आजोबा आणि सर्बियनमध्ये चक्क आजी! एवढ्या पुराव्यावर मी ठरवून टाकलं की या दोन भाषा सख्ख्या बहिणी आहेत. एक गंगेकाठी दिली, दुसरी डॅन्यूबकाठी.

"व्याही येतील तेव्हा हे काढू नका हं," बायकोने बजावलं. "सुम्ने गप्प बसा." गप्प बसायचंच होतं, तर येलेनाला जेवायला बोलावलं कशाला? (तिला मी बोलावलं होतं.)

व्याही निवृत्त हेडमास्तर. ताठ बसणारे, कमी बोलणारे. विहीणबाई मोकळ्या. येलेनाचे बारीक हात पाहून त्यांना तिची दया आली. बायको होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढत होती. दुसरी संपल्यावर विहीणबाईंनी येलेनाला प्रेमाने विचारलं, "बस?" येलेनाचं तोंड भरलेलं, आणि भरल्या तोंडाने माणूस मातृभाषेतच बोलतं. ती म्हणाली, "दा, दा." सर्बियनमध्ये 'दा' म्हणजे हो. भोजपुरीत 'दऽ' म्हणजे दे. विहीणबाईंनी बायकोला खूण केली, तिसरी पडली. पुन्हा "बस?", पुन्हा "दा, दा", चौथी पडली, वर तूप. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. पण उदाहरण इतकं सुंदर चाललं होतं की मधे बोलवेना. शेवटी येलेनाने दोन्ही हात पानावर आडवे धरले.

मी उदाहरण समजावून सांगितलं. विहीणबाई पोट धरून हसल्या. हेडमास्तरांच्याही मिशा हलल्या. इथे थांबायला हवं होतं. पण माझ्याकडे हुकमाचा शब्द अजून बाकी होता: देवर. नवऱ्याचा भाऊ. आमच्या मराठीत त्याचा झिजून दीर झाला, पण छपऱ्यात देवर आणि सर्बियातही अगदी तस्साच देवर. मी किरणकडे, म्हणजे माझ्या धाकट्याकडे, बोट दाखवलं आणि येलेनाला म्हटलं, तुमच्याकडे देवर लग्नात काय करतो ते सांग. तिने इंग्रजीत सांगितलं. मी माझ्या म्हैसुरी हिंदीत ते व्याह्यांपर्यंत पोचवलं. बोट किरणवरच होतं.

"देवर आता है, दुल्हन को खरीदता है, हाथ पकड़ के ले जाता है."

हेडमास्तरांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, प्रभावित झाले. म्हणून जोडलं, "दोनों तरफ एकदम सेम."

"हमारी बेटी बिकाऊ नहीं है," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. ते पानावरून उठले. निशाने मान खाली घातली. गिरीश माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मी आयुष्यात विसरणार नाही. किरणला हिंदी बेताचीच. सगळे आपल्याकडे का बघतायत ते त्याला कळेना. "एनु अप्पा? मी काय केलं?" तो म्हणाला, आणि त्याने घाबरून हातातली होळिगे परत पानात ठेवली. मी सावरायला तोंड उघडलं, तर बायकोने माझ्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "जेवा."

सावरलं ते येलेनाने. काय झालं हे निशाने तिला इंग्रजीत सांगितल्यावर ती धावत वर गेली, फोन घेऊन आली आणि विहीणबाईंच्या शेजारी मांडी घालून बसली. तिच्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ होता. बंद दार, दाराशी नवरीचा भाऊ हात पसरून उभा, समोर देवर खिसे चाचपतोय, आणि मागे अख्खं गाव हसतंय. दार उघडल्यावर नवरी स्वतःच हसत बाहेर येते. विहीणबाईंनी तो दोनदा पाहिला.

"अरे, ई त हमनी के दुआर छेंकाई जइसन बा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. म्हणजे त्यांच्याकडे नवऱ्याच्या बहिणी दार अडवून नेग, म्हणजे हक्काचे पैसे, मागतात, तसलीच थट्टा. हेडमास्तरांनी फोन हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला, मग हात धुवायला न जाता परत पानावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच किरणच्या पानात होळिगे वाढायला सांगितली.

लग्न ठरलं. त्यांच्याकडून अट एकच आली, तीही निशामार्फत: लग्नात अप्पांनी दुभाषा व्हायचं नाही. म्हणून छपऱ्यात मला बोलणं न लागणारं काम दिलं. नवरदेवाचे बूट सांभाळायचे. मी ते मांडीशी घेऊन बसलो. निशाची धाकटी बहीण आली, नमस्कार केला आणि मोठ्या आदराने विचारलं, "अंकलजी, सर्बियन में जूते को क्या कहते हैं?"

एवढी जिज्ञासू मुलगी मी पाहिली नव्हती. शब्द नीट आठवावा म्हणून मी डोळे मिटले. आठवला. त्सिपेला. डोळे उघडून सांगितला, तेव्हा ऐकायला समोर ना मुलगी होती, ना त्सिपेला.