शुक्रवारचं दार

आमच्या स्टोअरवाल्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या ओमानात दुसरा नव्हता. साक्षात देव जरी आमच्या सोहारच्या व्हिलाच्या फाटकाशी प्रकट झाला असता, तरी काकांनी आधी त्याचं रेसिडेंट कार्ड मागितलं असतं, ते उलटसुलट करून मुदत तपासली असती, आणि एवढं करूनही दर्शन जाळीच्या दाराआडूनच घेतलं असतं.

काका कुडाळकडचे. कंत्राटदार कंपनीत ते स्टोअरकीपर, मी इंजिनियर, आणि राहायला दोघं एकाच खोलीत. त्यांच्या स्टोअरमधून नवा हातमोजा हवा असेल तर जुना आणून दाखवावा लागे, आणि जुना डावा असेल तर डावाच मिळे. मेसमधल्या मिठाच्या पुडीवरची तारीखसुद्धा ते वाचत. खुबूसची अरबी रोटी हातात घेतली की आधी खिडकीच्या उजेडाला धरत. त्यात काय दिसायचं ते त्यांनाच ठाऊक. ऑफिसातल्या माणसाच्या ‘इन्शाल्ला’चे तर त्यांनी तीन प्रकार पाडले होते. तो तुमच्याकडे बघून म्हणाला तर काम होणार, मोबाइलकडे बघत म्हणाला तर पुढल्या महिन्यात, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला तर गुपचूप घरी जायचं. हे शास्त्र मी पुढे नऊ वर्षं वापरलं, एकदाही चुकलं नाही.

पण त्यांचा खरा संशय बँकेवर. गावाबाहेर त्यांनी कर्ज काढून लहानसं घर बांधलं होतं. लग्न केलं नव्हतं. त्या घरात त्यांची थोरली बहीण, आक्का, एकटी राहायची. कर्जाच्या कागदांवर सही केली त्या दिवसापासून काकांची झोप उडाली. हप्ते थकले की बँका घर कोणत्या कायद्याने ताब्यात घेतात, तो कायदा त्यांनी सायबर कॅफेतून छापून आणला आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून उशाशी ठेवला. कोकणातून नवा मुलगा आला आणि बोलता बोलता फ्लॅट बुक केल्याचं म्हणाला, की काका फोल्डर उघडत. कोर्टात न जातासुद्धा बँक घर घेऊ शकते, पण आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. आपण लेखी हरकत घेतली तर पंधरा दिवसांत कारणांसकट उत्तर द्यावं लागतं. नोटीस हातात पडत नसेल तर ती घराच्या दारावर चिकटवतात आणि दोन पेपरांत छापतात, त्यातला एक तिथल्या भाषेतला. हे ऐकून त्या मुलाचं जेवणावरचं लक्ष उडे आणि त्याच्या वाटणीची सुरमई आम्हाला मिळे.

त्यातल्या ‘दारावर चिकटवतात’ या शब्दांनी काकांना पछाडलं होतं. आपण इथे, दार तिथे. चिकटवलेलं आपल्याला दिसणार कसं? म्हणून दर शुक्रवारी सकाळी आक्काने दारात उभं राहायचं आणि शेजारच्या वहिनींनी फोटो काढून पाठवायचा, असा नियम झाला. फोटो जुना नाही कशावरून? तर आक्काच्या हातात त्याच दिवसाचा पेपर हवा. अपहरण झालेल्या माणसाचे असे फोटो काढतात, हे मी एकदा त्यांना सांगितलं. ते त्यांना पटलं, आणि अजिबात हसू आलं नाही.

पुढे एकदा घरपट्टीची पावती आक्काच्या नावाने निघाली. ग्रामपंचायतीत जाऊन भरायची तीच, तेव्हा कारकुनाने तिचं नाव घातलं असणार. पण काकांनी फोन करून तिला विचारलं, “पावतीवर तुझा नाव कसा काय?” आक्काने फोन ठेवला आणि त्यानंतर भावाशी एक शब्द बोलली नाही. फोटो मात्र एकही शुक्रवार चुकला नाही. फरक एवढाच, की तेव्हापासून ती पेपर तोंडासमोर धरून उभी राहायची. दोन पाय, लुगड्याचा काठ आणि वर त्या दिवसाच्या ठळक बातम्या. असे फोटो दीड वर्षं येत होते, आणि काका ते मोठे करून तारीख तपासत होते.

मग तेलाचे भाव कोसळले. कंपनीचे पगार तटले आणि काकांचे हप्ते थकले. बँकेने रजिस्टर नोटीस पाठवली, तर आक्काने ती सही न करता परत पाठवली. कुठल्याही कागदावर सही करू नकोस, असं काकांनीच तिला पूर्वी बजावलं होतं. भांडण झालं तरी तिने ते पाळलं होतं. आणि साठ दिवस तर नोटिशीवरच्या तारखेपासून धावू लागले होते.

त्या शुक्रवारचा फोटो मला अजून दिसतो. पहिल्यांदाच आक्का दाराच्या मधोमध नव्हती. पेपर तोंडासमोरच होता, पण ती एका बाजूला सरकून उभी होती, आणि दारावरचा पांढरा कागद लख्ख दिसत होता. काकांनी तो मोठा करून वाचला. साठांतले तेवीस दिवस गेले होते. ज्या पेपराआड ती तोंड लपवून उभी होती, त्याच्याच आतल्या पानावर ती नोटीस छापली होती, हे नंतर कळलं. काका कॉटवर बसले आणि म्हणाले, “इंजिनियर, ती मुद्दाम बाजूक झाली.”

हरकतीचं पत्र मी टाइप केलं. पगार अडकल्याचा कंपनीचा दाखला जोडला. काकांनी सातदा वाचून सही केली. तेराव्या दिवशी उत्तर आलं, की थकलेले हप्ते भरले तर कारवाई थांबेल. कंपनीने दोन पगार सोडले, कमी पडलं ते मेसमधल्या पोरांनी घातलं. ज्यांच्यावर इतकी वर्षं आपलं दूध चोरल्याचा संशय घेतला, त्यांनीच पैसे पुढे केलेले बघून काका गोंधळले. “तुमका ह्येच्यात काय फायदो?” असं त्यांनी प्रत्येकाला वेगळं गाठून विचारलं. मुदत संपायला नऊ दिवस असताना हप्ते भरले गेले आणि घर वाचलं.

पुढच्या शुक्रवारी फोटोतला पेपर हनुवटीपर्यंत खाली आला होता. चेहरा काकांसारखाच, संशयी. मग तो छातीशी आला, मग हातात गुंडाळलेला. आणि एका शुक्रवारी पेपरच नव्हता. आक्का रिकाम्या हातांनी दारात उभी होती आणि पूर्वीपेक्षा बरीच वाळलेली दिसत होती. दीड वर्षं पेपराआड ती किती म्हातारी झाली, ते आम्हाला दिसलंच नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी थट्टा केली, की काका, तारखेचा पुरावा नाही, हा फोटो तुम्ही खरा धरायचा कसा?

काकांनी फोटो मोठा केला नाही. तसाच बघत राहिले.

“पेपर नाय तर नाय,” ते म्हणाले. “ती आसा ना.”

मग फोन घेऊन ते बाहेर अंगणात गेले, उन्हात. जाळीच्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. “आक्का, मी बोलतंय,” एवढं ऐकू आलं. ऊन चढलं तरी फोन त्यांनी कानापासून काढला नाही, आणि आक्कानेही तो ठेवला नसणार.