जिना कोणी झाडायचा

स्टुटगार्टमध्ये चढावरच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मी ऐंशीच्या घरातल्या एका आजींकडे खोली घेऊन राहत होते. तिथे जिना झाडायच्या आठवड्याला केअरवोखे म्हणतात. ज्यांचा आठवडा, त्यांच्या दारावर लाकडी पाटी लटकते आणि शनिवारी जिना लख्ख व्हावा लागतो. आमच्या खालचे निवृत्त गृहस्थ कोपऱ्यांत बोट फिरवून बघत. मी त्यांना घाबरून असे. तशी मी सगळ्यांनाच घाबरून असे.

आजी घरात धाडधाड चालत. मला वाटायचं, त्यांना ऐकू कमी येत असावं. मग वसंतात त्यांची मैत्रीण हॉलंडहून राहायला आली. पहिल्याच सकाळी चहा करून मी वळले, तर ती माझ्यामागे उभी. माझ्या हातून चमचा पडला.

"ही अशीच," आजी म्हणाल्या. "हिचं पाऊल कधी कुणाला ऐकूच आलेलं नाही."

मैत्रीण ज्यू. युद्धात ती लहान असताना आजींच्या आईवडिलांनी तिला याच घराच्या मागच्या खोलीत लपवलं होतं. वडील ट्रामवर कंडक्टर, आई शिवणकाम करायची. घरात एकच मुलगी आहे, असं तेव्हाच्या खालच्या बिऱ्हाडाला वाटायला हवं होतं. म्हणून लपलेलीला पाय मोकळे करायचे असले की आजींनी तिच्या शेजारून पाय आपटत चालायचं, असा आईचा नियम.

"खालचे म्हणायचे, काय वाईट वळणाची मुलगी आहे," आजी म्हणाल्या.

"त्यात खोटं काही नव्हतं," मैत्रीण म्हणाली.

त्या आठवड्यात पाटी आमच्या दारावर होती. कॉफी पिताना मैत्रिणीने जाहीर केलं, "शनिवारी जिना मी झाडणार."

"तू पाहुणी आहेस."

"दोन वर्षं राहिले इथे. जिन्यावर पाय ठेवला तो येताना आणि जाताना. मधल्या काळात दारामागून तुमचा झाडू नुसता ऐकला. एकदा मला झाडायचाय. पुढच्या वर्षी हे गुडघे मला इथवर आणतील असं वाटत नाही."

"कंबर धरली की तुझी मुलं मला जाब विचारतील."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. म्हाताऱ्या पाहुणीच्या हाती झाडू देणं माझ्या कल्पनेतही बसत नव्हतं, आणि नाही म्हणणंही जमत नव्हतं. मी कपातली साखर ढवळत राहिले. कपात साखर नव्हती.

शनिवारी मैत्रीण उठायच्या आत जिना उरकून टाकायचा, असा आजींचा बेत होता. पण चोरपावलांनी चालायला त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. धाड, धाड, धाड. मी खोलीबाहेर आले तेव्हा दोघी नाइटगाऊनमध्ये जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि झाडू दोघींच्या हातात होता.

"सोड."

"तू सोड. लहानपणीही अशीच हट्टी होतीस."

"लहानपणी मला बोलायची तरी सोय होती का?"

खालचं दार उघडलं. गृहस्थ वर आले, त्यांनी पाटी पाहिली, झाडू पाहिला आणि अगदी अदबीने मैत्रिणीला विचारलं, "माफ करा, या मजल्यावर राहणाऱ्यांनीच झाडायचा नियम आहे. आपण इथे राहता?"

लहानपणी याच प्रश्नाच्या भीतीने मैत्रीण श्वाससुद्धा जपून घेत होती. तिने आजींकडे पाहिलं.

आजींनी झाडू सोडला. "राहते तर," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथे यायच्या कितीतरी आधीपासून."

गृहस्थांनी विचार केला. "बरं तर, मग कोपरेसुद्धा नीट काढायचे."

तिने एकेक पायरी झाडली, कोपरे दोनदा. मी केराची सुपडी धरून मागे मागे. मुख्य दाराशी पोचल्यावर तिने ते सताड उघडलं, थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं आणि झाडू माझ्याकडे दिला. मग ती वर निघाली. प्रत्येक पायरीवर पाय आपटत, धाड, धाड, दोन्ही मजले.

वरून आजींचा आवाज आला, "हळू चाल गं. खाली लोक राहतात."