बंदी घालणारे बडेबाबू

आर्वीच्या आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात नुकतंच इंटरनेट आलं होतं. महिन्याभरातच बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, फोटो टाकायच्या, गप्पा मारायच्या सगळ्या साइट बंद करवल्या. तेव्हापासून ते चपला दाराशी काढून अनवाणी फिरायचे आणि पाठीमागून एकदम विचारायचे, "काम करून राह्यला न गा?"

पोरीनं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिच्याशी ते चार वर्षं बोलले नव्हते. एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसले. "तिले पोरगा झाला म्हणते. फोटो त्या साइटवर हाय. उघडता येते काय तुले?"

बंदी चुकवायची वाट मला ठाऊक होती. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पडद्यावर दिसलं. बडेबाबूंनी चष्मा पुसला, नाक काचेला लागेल इतके वाकले.

"कान माह्यावर गेले," म्हणाले.

मी म्हणालो, "फोन लावा न बाबूजी."

ते उठून आपल्या टेबलाकडे गेले.

चार वाजता शिपायानं मला बडेबाबूंच्या सहीचा मेमो आणून दिला : बंदी असलेली साइट कार्यालयात उघडल्याबद्दल लेखी खुलासा करावा. मी तडक त्यांच्या टेबलाशी गेलो. "बाबूजी, फोटो तर तुम्हीच पाह्यला!"

"पाह्यला न," ते शांतपणे म्हणाले. "पण उघडली कोनं?"