हिंगूळ लावलेली शिंगं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर "त्यानं मंडळी सोडली" एवढंच म्हणायचो. खरं असं, की मी त्याला दगा दिला.

नव्वदच्या दशकात केडगावच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी वचन समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. तो मेंढपाळांच्या घरातला, वस्तीवर शेती करणारा. आमच्यात आला म्हणून भावांनी बोलणं टाकलं होतं. म्हातारी आई तेवढी त्याच्याजवळ राहायची.

भादव्यातला पोळा झाला आणि तो माझ्या घरी आला. आईच्या हट्टापायी त्यानं बैलांची शिंगं रंगवली होती आणि तिच्याबरोबर बैलांच्या पाया पडला होता.

"पाप झालं का वं, आप्पा?"

"देवाशी बोल. माझ्यापाशी राहील हे."

त्या रविवारी बायबलमधल्या एका इब्री संदेष्ट्याचा दृष्टान्त होता: राष्ट्रांची चार शिंगं आणि ती पाडायला आलेले कारागीर. शिंग म्हणजे सामर्थ्य, हे काही केल्या मंडळीच्या गळी उतरेना. ऐन वेळी मला उदाहरण सुचलं.

"आपल्यातलाच एकजण परवा शिंगांना हिंगूळ लावून त्यांच्यापुढं वाकला. सामर्थ्य देवाचं आणि नमस्कार बैलाला!"

नाव घेतलं नाही. पण त्याच्या नखांत तांबडा रंग अजून होता. मागून कुणीतरी म्हणालं, "बेगड बी चिकटवली का रं?" सगळे हसले. मीही हसलो.

तो उठला. "आप्पा, घरात सांगितलं व्हतं म्या तुमास्नी." पुन्हा आला नाही.

दुसरा एक संदेष्टा सांगतो, की देवाच्या हातातून तेज फाकतं आणि तिथंच त्याचं सामर्थ्य झाकलेलं असतं. हेही मी कितीदा शिकवलं होतं. झाकलेलं का, ते म्हातारपणी कळलं: खरं सामर्थ्य मिरवत नाही, झाकून ठेवतं. पाडायचं शिंग तर माझंच होतं.

त्या रविवारनंतर काही वर्षांनी तो शिक्रापूरच्या चौकात भेटला. मुलाच्या भाड्याच्या खोलीत राहत होता.

"च्या घेता का, आप्पा?"

ट्रकांच्या आवाजात आम्ही चहा घेतला. मी बैलांचं विचारलं.

"इकलं. आई गेली. आता कुणासाठी रंगवायची शिंगं?"

तू झाकून ठेवायला दिलेलं मी चारचौघांत उघडं केलं, मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "माझी एसटी आली वाटतं."