शेजारच्या पोरीच्या बांगड्या

आमचं घर चिंचवड गावात. वडील पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्यात कामाला. शेजारी माझ्याच वयाची, आठेक वर्षांची एक आईविना पोर चुलत्याकडं राहायची.

कासारीण आली की आई आधी तिला हाक मारायची. ओट्यावर बसवून, पोलक्याच्या बाह्या वर सारून दोन्ही हातांत बांगड्या भरायला लावायची. दर खेपेला तिच्या फुटलेल्याच असायच्या, म्हणून तिला नव्या. आणि मला, पोटच्या पोरीला, फक्त संक्रांतीला! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मी माझ्या बांगड्या धुण्याच्या दगडावर आपटून फोडल्या आणि कासारणीपुढं हात केला. "माझ्याबी फुटल्या."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माझे हात दंडापर्यंत उलटेपालटे करून पाहिले. "कुणी मारलं तुला?"

"कुणी न्हाई. मीच फोडल्या. हिला सारख्या मिळत्यात म्हणून."

शेजारी बसलेल्या पोरीच्या दंडावरचे वळ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तोवर मी फक्त बांगड्याच बघत आले होते.

कासारीण आईला हळूच म्हणाली, "उद्या चाकणच्या बाजाराला जातीया. तिथं हिचा मामा ऱ्हातो, त्याला आता संगं घिऊनच येते."

मामा आला आणि तिला घेऊन निघाला. जाताना ती माझ्या हातांकडं बघत म्हणाली, "तुझं बरं हाय. तुझ्या बांगड्या तुझ्या तुलाच फोडाव्या लागत्यात."