सगळ्यांसमोर

मी मामूंच्या थोबाडीत मारली होती. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या, सगळ्या कामगारांसमोर. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कौतुक खोटं वाटेल.

सौदीतल्या हुफूफमधली एक जुनी खजुराची बाग पूर्वीसारखी उभी करायचं काम आमच्याकडे होतं. मातीच्या भिंती, दगडी पाट, म्हातारी झाडं. मी नाशिकचा, साइट इंजिनियर. मामू दापोलीकडचे, कामगारांचे मुकादम. त्यांचा हात कायम सुटलेला. पाटाचा जुना दगड फोडणाऱ्याच्या पाठीत त्यांनी फावड्याचा दांडा घातलेला मी पाहिलाय. खोडात सोंड्या भुंग्याची अळी सापडली की ती चपलेखाली चिरडत, आणि चिरडून झाल्यावरही शिव्या देत राहत.

पण ज्याला मारलं त्याची माफी ते त्याच दुपारी मागत. जेवायला आम्ही सारे एकाच मोठ्या ताटाभोवती बसायचो. कोणी घास घेण्याआधी मामू स्वतःचे कान पकडत. "मार सगळ्यांनी बघितला, आता हे पन बघा रे," म्हणत, आणि मटणाचा चांगला तुकडा त्याच्यापुढे सारत.

फाटकाजवळचं सर्वांत जुनं झाड किडलं. कीड पसरू नये म्हणून मी ते पाडायला सांगितलं. मामू कुऱ्हाड घेऊन खोडाला पाठ लावून उभे राहिले. "अजून एक इंजेक्शन देऊन बघू. नायतर आधी मला काप, नाशिककरा!"

कोकणातली पोरं हसली. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मामूंची टोपी मातीत पडली.

झाड कापलं. आत नुसता भुसा, वळवळत्या अळ्या. म्हणजे माझं बरोबर होतं. या एका गोष्टीआड मी कित्येक महिने लपलो. मामू ताटावर माझ्यासमोरच बसत, पण वर पाहत नसत. त्या दिवसानंतर त्यांनी कोणावरही हात उचलला नाही. ते मला जास्त लागलं.

मग त्यांचं खुरूज लागलं, म्हणजे कायमचं घरी जाणं. शुक्रवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते दोरीनं खोका बांधत होते. मी पाय धरायला वाकलो.

"इथं कोन बघतंय, सायेब?" दोरी आवळत ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट मांडलं. मी कान पकडले. सगळ्यांचे हात थांबले.

"मैंने मामू को मारा था. सब के सामने. गलती मेरी थी." मग मी त्यांच्याकडे वळलो. "झाडाचं माझं बरोबर होतं, मामू. तुमच्यावर हात टाकला, ते नाही. मला माफ करा."

आणि मटणाचा तुकडा त्यांच्यापुढे सारला.