शिंजिरासाठी ठेवलेली फांदी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही विरारला पहिल्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा बायकोने खिडकीखाली लाल जास्वंद लावली. तिचं माहेर वसईतलं, फुलांची वाडी असलेलं. तिथे जास्वंदीच्या कळ्या संध्याकाळीच खुडून ओल्या फडक्यात ठेवत. सकाळी पूजेच्या वेळी त्या उमललेल्या असत. ही युक्ती तिने इमारतीतल्या साऱ्या बायकांना शिकवली.

काही वर्षांनी ती आजारी पडली. तिची खाट मी खिडकीशी हलवली. तिला स्वतः वाचणं झेपेना, म्हणून मी वाचून दाखवत असे. दूरच्या बेटांवरच्या जंगलात वाकड्या चोचीने मध पिणारं एक लाल पाखरू असतं, असं एकदा वाचलं. ती म्हणाली, आपला शिंजीर काय वाईट आहे, तोही मधच पितो, त्याला बघायला बोटीने जावं लागत नाही. मग तिला शिंजिराचाच ध्यास लागला. माहेरी तो रोज दिसे. आमच्याकडे येणार कशाला? साऱ्या बायका संध्याकाळीच कळ्या खुडून नेत, झाडावर एकही फूल उमलत नव्हतं.

तिने मला शेजारच्या वहिनींकडे पाठवलं. एका फांदीच्या कळ्या सगळ्यांनी राहू द्या, एवढंच सांगायचं होतं; बोलण्यात मी कच्चा, दारातच कसंबसं सांगितलं. ऐकून त्या हसल्या आणि तडक तिच्याकडेच आल्या. "खुडायला तूच शिकवलंस ना? आता देवाच्या आधी पाखराचं?"

"देव घरातच हाय," ती म्हणाली. "कुठं जातोय तो?"

दुसऱ्या सकाळी खिडकीजवळची फांदी लाल झाली होती. दुपारच्या आत शिंजीर आला. बोटाएवढा, सावलीत काळा, उन्हात जांभळा. फुलात समोरून न शिरता त्याने देठाशी चोच खुपसली. "चोर मेला," ती कौतुकाने म्हणाली. तो उडून गेल्यावरही तिने माझा हात सोडला नाही.

"उद्या पन येल ना?"

मी हो म्हणालो. संध्याकाळी तिला धाप लागली आणि इस्पितळात न्यावं लागलं. तिथून ती परतली नाही.

दुसऱ्या दिवशी शिंजीर आला होता, हे मला पुढे वहिनींनी सांगितलं. त्या फांदीला त्या अजून हात लावत नाहीत. सकाळी मी तिथे खुर्ची घेऊन बसतो. तो येतो. हो, आला, एवढंच तिला सांगायचं राहिलं आहे.